फुटबॉल क्लबसाठी नवा स्पोर्टिंग डायरेक्टर नेमायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोच बदलला की आठवडाभर गदारोळ असतो, आणि त्या कोचला आणणारा माणूस बदलला की कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते. खरं तर दुसरी गोष्ट क्लबला जास्त वर्षं पुरते. म्हणून लोक जे प्रश्न सारखे विचारतात ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत आटोपलीत, कारण सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीतच.

स्पोर्टिंग डायरेक्टर नक्की करतो तरी काय?

मॅचची नव्वद मिनिटं आणि रोजचं ट्रेनिंग सोडून क्लबच्या फुटबॉलचा बाकी सगळा कारभार. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, कोणाचं काँट्रॅक्ट वाढवायचं आणि कोणाचं संपू द्यायचं, स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, कोण, डेटा बघणारी माणसं किती, अकॅडमीतून वर कोण येणार, लोनवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या क्लबला, कोण जाणार, मेडिकल आणि फिटनेसचा स्टाफ कसा असेल, आणि कोचचं जमत नसेल तर पुढचा कोच कोण, हे सगळं याच्या टेबलावर येतं. कोचच्या डोक्यात पुढचा शनिवार असतो, याच्या डोक्यात पुढचे तीन सीझन असायला हवेत. हवेत म्हणतोय, कारण कित्येक क्लबात यालाही शनिवारचीच धास्ती असते.

कोच आहे ना, मग हा वेगळा माणूस कशाला?

कारण कोच जातात. प्रत्येक नवीन कोच आपल्या पद्धतीचे खेळाडू मागतो, क्लब त्यांना चार-पाच वर्षांची काँट्रॅक्टं देतो, कोच दीड वर्षात जातो आणि खेळाडू तिथेच राहतात, असं तीनदा झालं की ड्रेसिंग रूममध्ये तीन वेगळ्या विचारांची टीम बसलेली असते आणि पगाराचं बिल मात्र एकच. हे थांबवायला कोणीतरी कोचपेक्षा जास्त टिकणारा लागतो.

इंग्लंडच्या ब्रायटनचं बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये सीझन सुरू झाल्या झाल्या त्यांच्या कोचला, ग्रॅहम पॉटरला, चेल्सी घेऊन गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा टेक्निकल डायरेक्टर डॅन अॅशवर्थही न्यूकॅसलसाठी निघून गेला होता. म्हणजे कोच पण गेला आणि त्याच्या वरचा पण. तरी दहा दिवसांत नवा कोच रॉबर्तो दे झेर्बी आला, आणि तो सीझन त्यांनी सहाव्या नंबरवर संपवला, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपात खेळायला पात्र झाले. यादी तयार होती, पद्धत ठरलेली होती, अॅशवर्थच्या जागी आतलाच डेव्हिड वीअर बसला. माणूस गेला तरी काम चालू राहिलं.

टेक्निकल डायरेक्टर, डायरेक्टर ऑफ फुटबॉल, स्पोर्टिंग डायरेक्टर, हे सगळं एकच का?

कधी हो, कधी नाही. एका क्लबचा टेक्निकल डायरेक्टर फक्त अकॅडमी आणि कोचिंग बघतो, दुसऱ्या क्लबचा तोच ट्रान्सफर, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्रीही करतो. अमेरिकेत मेजर लीग सॉकरमध्ये चीफ सॉकर ऑफिसर किंवा जनरल मॅनेजर पण दिसतात. अॅस्टन व्हिलानं स्पेनच्या सेव्हियात डायरेक्टर म्हणून नाव कमावलेल्या मोंचीला आणलं तेव्हा हुद्दा दिला प्रेसिडेंट ऑफ फुटबॉल ऑपरेशन्स. कार्डावर काय छापलंय याला फारसा अर्थ नाही, सही कोणाची चालते ते विचारा.

शोध सुरू कुठून करायचा? आधी नावांची यादी काढायची ना?

नाही! इथेच बहुतेक क्लब घसरतात. आधी मालक, सीईओ आणि बोर्डानं एका खोलीत बसून कागदावर लिहायचं की खेळाडू घेताना शेवटचा शब्द कोणाचा. कोचला नको असलेला खेळाडू डायरेक्टर आणू शकतो का? डायरेक्टरला नको असलेला खेळाडू मालक आणू शकतो का? किती रकमेपर्यंत बोर्डाला न विचारता होकार देता येईल? कोचला काढायचा निर्णय कोणाचा? यांची उत्तरं नसतील तर तुम्ही जगातला सगळ्यात हुशार माणूस आणा, सहा महिन्यांत भांडण ठरलेलं.

याचा सगळ्यात बोलका नमुना २००८ चा न्यूकॅसल. केविन कीगन जानेवारीत मॅनेजर, म्हणजे कोच, म्हणून परत आला, मग त्याच्या वर डेनिस वाइजला फुटबॉलचा एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर केलं. ट्रान्सफरमध्ये शेवटचा शब्द आपला अशी कीगनची समजूत, क्लबची वेगळीच. ऑगस्टच्या शेवटी वाइजनं फोन करून सांगितलं की इग्नासिओ गोन्झालेस नावाचा भारी खेळाडू मिळतोय, बघून घे. कीगननं इंटरनेटवर शोधलं, हाती काही लागेना, मग त्याला सांगण्यात आलं की यूट्यूबवर आहे बघ. त्या क्लिप इतक्या खराब होत्या की त्यावरून प्रीमियर लीगसाठी कोणाला घ्यावं असं काहीच त्यात नव्हतं. तरी क्लबनं गोन्झालेसला लोनवर घेतलंच आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कीगननं राजीनामा दिला. प्रकरण लवादाकडे गेलं आणि २००९ मध्ये निकाल कीगनच्या बाजूनं लागला, २० लाख पौंड भरपाई. दक्षिण अमेरिकेतल्या दोन एजंटांना खूश ठेवायला तो सौदा केला होता हेही त्या सुनावणीत बाहेर आलं. आता यात वाइज चांगला का वाईट हा प्रश्नच बाजूला ठेवा, दोन माणसांना एकच अधिकार दिला की असंच होणार, एका म्यानात दोन तलवारी बसत नाहीत.

कोच आणि डायरेक्टर दोन्ही जागा रिकाम्या आहेत. आधी कोणाला?

डायरेक्टरला. शक्य असेल तर नेहमीच. आधी कोच आणला की डायरेक्टर येऊन पहिल्या दिवशी दुसऱ्याची निवड सांभाळत बसतो, आणि हरायला लागले की तो म्हणणार हा काय मी आणला नव्हता.

लिव्हरपूलनं २०२४ मध्ये हा क्रम पाळला. कोच युर्गन क्लॉपनं जानेवारीत जाहीर केलं की सीझन संपल्यावर जातोय. मार्चमध्ये मालकांनी आपल्या जुन्या स्पोर्टिंग डायरेक्टरला, मायकल एडवर्ड्सला, वरच्या हुद्द्यावर परत आणलं, त्यानं लगेच बोर्नमथच्या रिचर्ड ह्यूजला स्पोर्टिंग डायरेक्टर ठरवलं, मग त्यांनी कोच शोधला आणि मे मध्ये आर्ने स्लॉटचं नाव जाहीर झालं. पुढचा सीझन, २०२४-२५, त्यांनी लीगच जिंकली. क्रम बरोबर म्हणून लीग मिळाली असं नाही म्हणत, पण उलट क्रमानं गेले असते तर बरंच काही अडलं असतं हे मात्र नक्की.

कोच आधीच आहे आणि चांगला चाललाय, तर मग शॉर्टलिस्टवरच्या माणसाला त्याच्यासोबत दोन-तीन तास बसवा. व्हेटो कोचला देऊ नका, मत घ्या.

मोठा माजी खेळाडूच घ्यावा का? फॅन्सना तेच आवडतं.

आवडतं, आणि पहिल्या प्रेस कॉन्फरन्सला फोटोही छान येतात. पण खेळलेला असणं हा गुण झाला, पात्रता नाही. जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा मिखाएल झोर्क आख्खं करिअर एकाच क्लबात खेळला, १९९८ ला बूट काढले आणि लगेच याच कामाला लागला, २०२२ पर्यंत होता. मधे क्लब दिवाळखोरीच्या काठावर जाऊन आला, लेवांडोव्स्कीसारखे खेळाडू त्यानं पोलंडमधून स्वस्तात उचलले. मोंची सेव्हियाचा गोलकीपर होता, फार नाव झालेला वगैरे नाही.

दुसरीकडे एडवर्ड्स लिव्हरपूलला आला तो अॅनालिस्ट म्हणून, लॅपटॉप घेऊन. २०१७ मध्ये क्लॉपचा कल ज्युलियन ब्रांटकडे होता आणि याची टीम मोहम्मद सालाहला घ्या म्हणून मागे लागली, पुढे सालाहच क्लबचा मोठा स्टार झाला. क्लॉपनं स्वतःच नंतर हे मान्य केलंय.

आणि माजी दिग्गज असून काम उत्तम केलं तरी नोकरी वाचतेच असं नाही. पाओलो माल्दिनीनं मिलानमध्ये थिओ एर्नांदेझ, रफाएल लियाव असले खेळाडू आणले, २०२२ ला लीग आली, आणि जून २०२३ मध्ये नवीन मालकांनी त्याला घरी पाठवलं. मालकांशी सूर जुळला नाही की संपलं.

नावं मिळतात कुठून?

भरती करणाऱ्या एजन्सी असतात, त्या लांबलचक फाइल देतात आणि फीही तशीच घेतात. त्यांचं घ्या, पण फक्त त्यांच्यावर राहू नका. सगळ्यात चांगली नावं बहुतेक वेळा दुसऱ्या रांगेत असतात, म्हणजे आपल्या बजेटपेक्षा वर खेळणाऱ्या क्लबचा हेड ऑफ रिक्रूटमेंट, लोन मॅनेजर, चीफ स्काउट, अशी माणसं जी रोजचं काम करतात आणि श्रेय दुसऱ्याला जातं. आपल्याच ऑफिसात कोणी असेल तर त्यालाही इंटरव्ह्यूला बसवा, घरचा म्हणून वगळू नका.

एका मोठ्या एजंटनं नाव सुचवलंय. घ्यायचं का?

ऐकून घ्या, चहा पाजा, आणि त्या नावाची चौकशी दुप्पट करा. ज्याला एजंटनं खुर्चीवर बसवलं तो पुढची दोन वर्षं त्याच एजंटचे खेळाडू बघत राहतो, हे काही गुपित नाही.

याला काही डिग्री किंवा लायसन्स लागतं का?

देशावर अवलंबून आहे. इटलीत स्पोर्टिंग डायरेक्टर व्हायला फुटबॉल फेडरेशनच्या कोव्हेर्चियानो इथल्या केंद्राचा कोर्स करून यादीत नाव नोंदवावं लागतं. बऱ्याच ठिकाणी असं काहीच बंधन नाही, उद्या मालकाचा भाचाही होऊ शकतो. म्हणून तपासायची जबाबदारी तुमच्यावर येते.

त्याच्या जुन्या ट्रान्सफर बघून ओळखता येतं का?

येतं, पण लोक चुकीच्या पद्धतीनं बघतात. दहा हिट खेळाडूंची यादी तर प्रत्येकजण आणतो, आणि तीच नावं त्याच क्लबातले चार वेगवेगळे लोक आपापल्या सीव्हीत लिहितात. मिडफिल्डर कायसेदोला ब्रायटननं २०२१ मध्ये जेमतेम ४५ लाख पौंडात घेतलं आणि २०२३ मध्ये चेल्सीला १० कोटींच्या वर विकलं, आता हे यश स्काउटचं, डेटावाल्यांचं, टेक्निकल डायरेक्टरचं, कोचचं का मालक टोनी ब्लूमचं? सगळ्यांचंच थोडं थोडं. म्हणून विचारायचं असं की पहिल्यांदा हे नाव कोणी आणलं, तुम्ही कितव्या मीटिंगला हो म्हणालात, विरोधात कोण होतं आणि त्याचं म्हणणं काय होतं. खरंच तिथे असलेला माणूस बारीकसारीक सांगतो. नसलेला माणूस तत्त्वज्ञान सांगतो.

फसलेल्या खरेद्या पण काढा, आणि पुढे त्यांचं काय केलं ते बघा. चूक कळल्यावर वर्षभरात खेळाडू बाहेर काढला का तीन वर्षं पगार देत बसले, यातून जास्त कळतं.

शिवाय क्लब बदलला की माणूस तोच राहत नाही. मोंची २००० साली सेव्हियाचा डायरेक्टर झाला तेव्हा क्लब नुकताच दुसऱ्या डिव्हिजनला गेला होता. पुढे डॅनी आल्व्हेससारखे खेळाडू स्वस्तात आणून महागात विकले, आणि क्लबचे सात यूएफा कप-युरोपा लीग (स्पर्धा एकच, नाव जुनं-नवं) आले ते सगळे त्याच्याच दोन कारकिर्दींत. मधे एप्रिल २०१७ ला तो रोमाला गेला. तिथे आल्या आल्या हिशोब जुळवायला सालाह विकावा लागला, पुढच्या उन्हाळ्यात आलिसन गेला, दोघेही लिव्हरपूलला. त्या पैशातून आणलेले पास्तोरे, एन्झोन्झी काही रुजले नाहीत. पहिल्या सीझनला चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल झाली खरी, पण दोन वर्षं व्हायच्या आत, मार्च २०१९ ला तो बाहेर. सेव्हियात त्याला गल्लीबोळ माहीत होते, मालक ओळखत होते, घाई नव्हती. रोमात यातलं काही नव्हतं. तेव्हा कोणाला घेताना विचारा की तिथे हे का जमलं, आणि त्यातलं आपल्याकडे काय आहे.

इंटरव्ह्यूत विचारायचं काय?

प्रेझेंटेशन ठेवूच नका, किंवा ठेवलं तर वीस मिनिटांत आटपा. सगळ्यांच्या स्लाइडवर तेच असतं, आक्रमक खेळ, तरुण खेळाडू, डेटा, डीएनए. त्याऐवजी आपली स्क्वॉड त्याच्यासमोर टाका. प्रत्येकाचं वय, पगार, काँट्रॅक्ट कधी संपतंय, मागच्या सीझनला किती मिनिटं खेळला आणि हिशोबाच्या पुस्तकात त्याची किंमत किती शिल्लक आहे. मग सांगा, दोन तास घ्या आणि पुढच्या तीन विंडोचा, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याच्या ठरलेल्या मुदतींचा, आराखडा मांडा, पैसे एवढेच आहेत.

इथे दूध का दूध होतं. चांगला माणूस आधी काँट्रॅक्टच्या तारखांकडे बघतो, खेळाडूंच्या नावांकडे नाही. २९ वर्षांच्या तीन मिडफिल्डरची काँट्रॅक्टं एकाच उन्हाळ्यात संपतायत हे त्याला पाच मिनिटांत दिसतं आणि तो विचारतो, यांच्याशी बोलणी कोण करतंय? ज्याला नाही कळत तो लगेच स्ट्रायकर सुचवायला लागतो.

अजून एक प्रश्न मला आवडतो. जानेवारी आहे, टीम खालून तिसरी आहे, कोच म्हणतोय एक ३१ वर्षांचा ओळखीचा डिफेंडर हवा, साडेतीन वर्षांचं काँट्रॅक्ट मागतोय, मालकाचा फोन आलाय की देऊन टाका. तुम्ही कोणाला काय सांगाल, आणि कोणत्या क्रमानं? उत्तर बरोबर का चूक यापेक्षा तो मालकाशी कसं बोलतो ते ऐका, कारण पुढे तो तुमच्याशीच तसं बोलणार आहे.

त्याला अकाउंटिंग यायला पाहिजे का?

सीए नको, पण ट्रान्सफरचा हिशोब तोंडपाठ हवा. ५ कोटी युरोचा खेळाडू पाच वर्षांच्या काँट्रॅक्टवर घेतला तर पुस्तकात दर वर्षी १ कोटी खर्च पडतो. तीन वर्षांनी पुस्तकी किंमत उरली २ कोटी. आता तो ३ कोटीला विकला तर खिशातून २ कोटी गेलेत, पण पुस्तकात १ कोटी फायदा दिसतो. आणि अकॅडमीतला पोरगा विकला तर जवळजवळ सगळी रक्कम फायदाच, म्हणून तर घरच्या पोरांना विकायचा मोह होतो. चेल्सीनं नव्यानं घेतलेल्या मुद्रिकला जानेवारी २०२३ मध्ये साडेआठ वर्षांचं काँट्रॅक्ट दिलं ते हाच खर्च पातळ करायला, मग युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, आणि पुढे प्रीमियर लीगनंही हा हिशोब जास्तीत जास्त पाच वर्षांत बसवायचा नियम केला.

तारखांचा खेळ तर त्याहून बेक्कार. प्रीमियर लीगमध्ये तेव्हा क्लबचा तोटा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की पॉइंट कापत. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं ब्रेनन जॉन्सनला १ सप्टेंबर २०२३ ला टॉटेनहॅमला विकलं, चांगली किंमत आली, पण त्यांचं हिशोबाचं वर्ष ३० जूनला संपलं होतं. थांबलो म्हणून जास्त पैसे आले, हे समजून घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं, आयोगानं ऐकलं नाही आणि मार्च २०२४ मध्ये चार पॉइंट कापले. एव्हर्टनचे त्याच सीझनला आधी दहा कापले होते, अपिलात सहा झाले, मग परत दोन. युएफाच्या स्पर्धांत तर आता पगार, ट्रान्सफरचा खर्च आणि एजंटची फी मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या वर जाता येत नाही. मेजर लीग सॉकरमध्ये सॅलरी कॅप (पगारांवरची मर्यादा), डेझिग्नेटेड प्लेयर (त्या मर्यादेत न बसणारा महागडा खेळाडू) असं सगळं वेगळंच गणित आहे, तिथे बाहेरून आलेल्या माणसाला नियम समजायलाच एक सीझन जातो, तेव्हा त्याच्या हाताखाली जुना जाणकार ठेवाच.

बॅकग्राउंड चेक किती खोल करायचा?

जितका वाटतो त्याच्या दुप्पट. फाबियो पाराटिची २०२१ मध्ये युव्हेंटसहून टॉटेनहॅमला आला. युव्हेंटसच्या ट्रान्सफर हिशोबांच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये इटलीच्या फेडरेशननं त्याच्यावर तीस महिन्यांची बंदी घातली, मार्चमध्ये फिफानं ती जगभर लागू केली आणि एप्रिलमध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. जुन्या क्लबचं लचांड नव्या क्लबच्या दारात आलं, तेही ऐन सीझनमध्ये.

नेदरलँड्सच्या आयाक्सनं तर दोनदा भोगलं. डायरेक्टर मार्क ओव्हरमार्सनं वर्षानुवर्षं चांगले सौदे केले, पण बायकांना, म्हणजे ऑफिसातल्या सहकाऱ्यांनाच, नको ते मेसेज पाठवत होता हे बाहेर आलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जावं लागलं. मग मे २०२३ मध्ये स्वेन मिस्लिंटाट आला, एका उन्हाळ्यात डझनभर खेळाडू आणले, टीमची सुरुवात वाईट झाली, आणि सप्टेंबर संपायच्या आत त्याला काढलं.

म्हणून रेफरन्स घेताना फक्त बॉसला फोन करू नका. सेक्रेटरी, फिजिओ, अकॅडमीचे कोच, किट सांभाळणारे, यांना विचारा. माणूस खालच्यांशी कसा वागतो ते तेच सांगतात. आणि त्याचे, त्याच्या घरच्यांचे कोणत्या एजन्सीत किंवा डेटा कंपनीत पैसे आहेत का, हे लेखी घ्या.

आवडलेला माणूस दुसऱ्या क्लबच्या काँट्रॅक्टमध्ये आहे. मग?

मग वेळ आणि पैसा, दोन्ही जाणार. वरच्या हुद्द्यांवर गार्डनिंग लीव्ह असतेच, म्हणजे घरी बसायचं, पगार जुन्या क्लबचा, नव्यासाठी बोटही हलवायचं नाही. डॅन अॅशवर्थ दोनदा यातून गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला जायचंय म्हटल्यावर न्यूकॅसलनं त्याला घरी बसवलं, भरपाईवरून दोन्ही क्लबांची महिनोन्महिने घासाघीस झाली, शेवटी १ जुलैला तो रुजू झाला. आणि डिसेंबरात गेला पण! पाच महिने टिकला. तेवढ्यात युनायटेडनं एक कोच काढून दुसरा आणलासुद्धा.

आता हे कोणाचं चुकलं यावर वाद घालता येईल, माझं मत विचाराल तर माणूस आणायला एवढी खटपट केली तेवढी त्याचे अधिकार ठरवायला केली असती तर बरं झालं असतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सही व्हायच्या आधी त्याच्याकडून जुन्या क्लबची कुठलीही यादी, डेटा, फाइल मागू नका, कोर्टात जाल. आणि मधल्या काळात विंडो येत असेल तर ती कोण चालवणार ते आधीच नेमा.

पगार आणि बोनस कसा ठरवायचा?

पगार बाजारभावानं. बोनसमध्ये खरी गोम आहे. ट्रान्सफरच्या फायद्यावर टक्केवारी दिली की तो चांगले खेळाडू विकत सुटतो. फक्त पॉइंट टेबलवर दिली की तो तिशीतले खेळाडू आणून आजचं भागवतो, उद्याचं दुसरा बघेल. मिश्रण ठेवा, थोडा भाग लीगमधल्या स्थानावर, थोडा खर्च बजेटमध्ये राहिला का यावर, थोडा अकॅडमीच्या पोरांना किती मिनिटं मिळाली यावर, आणि मोठा भाग तिसऱ्या वर्षाच्या शेवटी द्या.

दोन डायरेक्टर नेमले तर चालतं का?

चेल्सीत २०२३ पासून पॉल विन्स्टनली आणि लॉरेन्स स्ट्युअर्ट जोडीनं बघतात. चालू शकतं, कामं स्पष्ट वाटलेली असतील आणि वरचा माणूस एकच असेल तर. छोट्या क्लबनं या भानगडीत पडू नये.

आमचा क्लब लहान आहे, परवडणार कसं?

पूर्ण वेळचा मोठा माणूस नाही परवडला तर हेड ऑफ रिक्रूटमेंटलाच जास्त अधिकार द्या आणि काँट्रॅक्टचं काम सीईओनं घ्यावं. एक फसलेली तीन वर्षांची खरेदी या माणसाच्या पगाराहून महाग पडते, एवढा हिशोब बोर्डाला दाखवा.

पहिल्या विंडोत काय अपेक्षा ठेवायची?

कमी. बाहेरचे लोक ओरडतील, नवा आलाय आणि काहीच घेत नाही. ह्यूजच्या पहिल्या उन्हाळ्यात लिव्हरपूलनं त्या सीझनला खेळणारा म्हणावा असा एकच खेळाडू घेतला, किएसा, तोही फारसा खेळला नाही. सगळे चिडले होते. टीम चॅम्पियन झाली.

नव्या माणसानं पहिले तीन महिने बघावं, की कोणता स्काउट रिपोर्ट मॅच बघून लिहितो आणि कोणता व्हिडिओवरून, कोणाची दुखापत पुन्हा पुन्हा का होतेय, कोणाचं काँट्रॅक्ट दीड वर्षावर आलंय. या शेवटच्या मुद्द्यावरून मोठमोठे क्लब भाजलेत. एडवर्ड्स २०२२ ला गेल्यावर लिव्हरपूलमध्ये ज्युलियन वॉर्ड एक सीझन राहिला, मग श्माट्के काही महिने, आणि तोवर सालाह, व्हॅन डाइक, अलेक्झांडर-आर्नोल्ड तिघांची काँट्रॅक्टं एकत्रच २०२५ च्या उन्हाळ्यात संपायला आली. पहिल्या दोघांनी एप्रिलमध्ये सही केली, तिसरा अकॅडमीतला पोरगा किरकोळ रकमेत रियाल माद्रिदला गेला. सलग एक माणूस खुर्चीत असता तर हे एवढं ताणलं गेलं नसतं असं मला वाटतं.

किती वेळ द्यायचा?

किमान चार-पाच विंडो, म्हणजे दोन-अडीच वर्षं. त्याआधी निकालावरून नाही तर कामाच्या पद्धतीवरून जोखा, मीटिंगच्या नोंदी आहेत का, नाही म्हटलेल्या खेळाडूंची कारणं लिहिलीत का. गैरव्यवहार असेल तर मात्र एक दिवसही नाही.

आणि तो चांगला निघाला आणि दुसऱ्यांनी पळवला तर?

पळवतीलच, त्याची तयारी पहिल्याच काँट्रॅक्टमध्ये करा. नोटिस पिरियड लांब ठेवा, जाताना स्टाफ सोबत नेता येणार नाही असं कलम टाका, आणि स्काउटिंगचा सगळा डेटा क्लबच्या सर्व्हरवर, त्याच्या फोनमध्ये किंवा खासगी व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. शिवाय दर वर्षी बोर्डानं त्याच्या जागेसाठी तीन नावं अपडेट करून ठेवायची, आणि ती यादी त्यानंच बनवायला मदत करावी, यात अपमान वाटून घ्यायचं काही नाही. मँचेस्टर सिटीत चिकी बेगिरिस्टाइन २०१२ पासून होता, त्याच्या जागी स्पोर्टिंग लिस्बनचा ह्यूगो व्हियाना येणार हे ऑक्टोबर २०२४ मध्येच जाहीर केलं आणि बदल झाला सीझन संपल्यावर. मधे सात-आठ महिने सगळ्यांना माहीत होतं की कोण जाणार, कोण येणार आणि कोणत्या तारखेला.